चार वायरींचा नकाशा

गल्लीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे, आणि चार महिने झाले, नकाशेकाकांची घरगाडी त्याच्यापुढे गेलेली नव्हती. गाडी दिमाखात फाटकातून बाहेर पडायची, शिंप्याचं दुकान ओलांडायची, पुढची चाकं स्पीडब्रेकरवर चढायची आणि इंजिन बंद पडायचं. मग दोन्ही बाजूंनी हॉर्न. काका खिडकीतून डोकं काढून मागच्याला हात जोडायचे, मग पुढच्याला. दहा मिनिटांनी गाडी आपल्या मर्जीने सुरू व्हायची आणि काका ती उलट्या पावली फाटकात आणून लावायचे. हे इतक्या वेळा झालं होतं, की शिंपी त्याचं घड्याळ आपल्या गाडीवर लावतो असं काका स्वतःच लोकांना सांगत. आपली थट्टा आपणच आधी करून टाकली की दुसऱ्याला करायला फारसं काही उरत नाही, हे धोरण त्यांनी निवृत्तीनंतर पत्करलं होतं आणि ते बऱ्यापैकी चाललं होतं.

नकाशे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी एका बांधकाम कचेरीत नकाशे काढले, ते नाव तिथून चिकटलं. घरात एक खिळा ठोकायचा झाला तरी काका आधी भिंतीचा नकाशा काढत. खिळ्याची जागा, छतापासूनचं अंतर, खिडकीपासूनचं अंतर, खाली उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत तारीख आणि ‘तपासले’ असं लिहून सही. खिळा शेवटी डॉक्टर ठोकत. डॉक्टर म्हणजे त्यांची बायको. दातांच्या डॉक्टर. पस्तीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. मनगट दुखायला लागलं म्हणून गेल्या वर्षी त्यांनी पाटी उतरवली. सगळी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणते, म्हणून काकाही मनातल्या मनात डॉक्टरच म्हणत. तोंडावर मात्र ‘अगं’च्या पुढे त्यांची मजल कधी गेली नाही.

घरगाडी म्हणजे एक जुनी, डिझेलवर चालणारी लांबलचक व्हॅन. आत पलंग, शेगडी, हातभर मोरी आणि उघडली की मिटत नाही अशी एक टेबलाची फळी. काकांनी तिच्या अंतर्भागाचे अकरा नकाशे काढले होते. इंजिनाचा एकही काढला नव्हता, कारण इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरीही गाडी बिघडल्यापासून त्यांनी मेकॅनिकला हात लावू दिला नाही. डिझेलचा फिल्टर त्यांनी बदलला, टाकी उतरवून धुतली, बॅटरीची टोकं घासली, नळ्या बदलल्या. प्रत्येक वेळी डॉक्टरांना शेजारी बसवून ‘आता बघ’ म्हणत गाडी बाहेर काढली, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांनी स्पीडब्रेकरपर्यंत जाऊन बघितलं. मेकॅनिक न बोलावण्याचं कारण काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना ते न सांगताच माहीत होतं.

कारण होती त्यांची लेक. एकुलती एक, आणि जहाजावर इंजिनखोलीत फिटर. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी लागल्याचं सांगायला घरी आली, तीच मुळी वर्कशॉपातल्या निळ्या डगल्यात. बोलता बोलता तिने काकांच्या नकाशाच्या टेबलावर हात टेकला. टेबलावर पांढरा कागद ताणून लावलेला होता. काका म्हणाले, चाळीस वर्षं मी काळी शाई हाताळली, पण संध्याकाळी हात धुतले की स्वच्छ. तुझ्या नखांतलं काळं आता जन्मभर निघायचं नाही. तसले हात माझ्या टेबलाला लावू नकोस. लेकीने हात उचलला, टेबलाकडे एकदा बघितलं आणि बॅग घेऊन गेली. तेव्हापासून ती दर रविवारी आईशी फोनवर बोलायची आणि वडिलांशी आईमार्फत. ‘बाबांना सांग, गोळ्या वेळेवर घ्या.’ ‘तिला सांग, घेतो म्हणावं.’ दोन वर्षांत बाप-लेकीत झालेलं संभाषण बहुतेक रक्तदाबापुरतंच होतं.

कागदावर डाग पडला नव्हता. काकांनी ती गेल्यावर भिंग लावून तो तपासला होता, आणि ही गोष्ट त्यांनी कुणालाही, अगदी थट्टेतसुद्धा, कधी सांगितली नाही.

लेकीचं जहाज चार महिने दुरुस्तीसाठी बंदरात लागलेलं होतं आणि आता या रविवारी सकाळी आठ महिन्यांसाठी निघणार होतं. बंदर दीड दिवसाच्या वाटेवर. काकांचा बेत असा, की आपल्या हाताने दुरुस्त केलेली गाडी घेऊन धक्क्यावर जायचं आणि लेकीसमोर उभी करायची. बोलायचं काही नाही. तिने इंजिन बघावं, आपले हात बघावेत, काय ते समजून घ्यावं. माफी मागायला जीभ वळत नसेल तर माणसाने ती चाकांवर घालून न्यावी, इतकाच या योजनेचा अर्थ होता. मेकॅनिकच्या हातची माफी कशी चालेल?

गुरुवारी सकाळी शोध लागला. तो काकांनी लावला नाही, त्यांच्या चष्म्याने लावला. या गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे एका झाकणाखाली असतं. काका झाकण काढून, इंजिन चालू ठेवून, आत डोकं खुपसून ‘हं’ ‘हं’ करत होते. इंजिनाकडे बघून हं म्हटलं की आपल्याला काहीतरी कळतंय असं वाटतं. तेवढ्यात घामाने चष्मा नाकावरून सुटला आणि डिझेल पंपाच्या मागे जाऊन पडला. इंजिन तत्क्षणी बंद. काकांनी छत्रीच्या दांडीने चष्मा बाहेर काढला, किल्ली फिरवली. इंजिन सुरू. काका पाच मिनिटं तसेच बसून राहिले. मग त्यांनी छत्रीची दांडी परत आत घातली आणि पंपाच्या मागच्या बाजूला चाचपत हळूच एक टोचा दिला. इंजिन बंद.

पंपाच्या पाठीला एक कनेक्टर होता. प्लास्टिकचा, आगपेटीहून लहान, त्यात चार वायरी जात होत्या. पंपाने किती डिझेल सोडायचं हे त्या वायरींतून ठरत होतं. कनेक्टरला धरून ठेवणारा चिमटा उष्णतेने केव्हाच मोडला होता. धक्का बसला की तो सैल व्हायचा आणि पंप उपाशी. टाकी धुतली, नळ्या बदलल्या, त्यात स्वतःची पाठ धरली ती वेगळीच, आणि दुखणं निघालं एवढंसं. चार महिन्यांत या घरात चष्म्याने जेवढं काम केलं तेवढं आपल्या डोक्याने केलं नाही, असं काका डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टर म्हणाल्या की चष्म्याचा नंबर आपणच आग्रह करून बदलून आणायला लावला होता.

दुपारी काका पार्टवाल्याकडे गेले. त्याने तसाच नवा कनेक्टर काढून दिला. मागे वीतभर लांबीच्या चार वायरी आधीच लावलेल्या, चारही काळ्या. जोडायला छोट्या धातूच्या नळ्या, वरून चढवायला गरम केल्या की आवळणाऱ्या रबरी नळ्या. पार्टवाला कमी बोलणारा माणूस. पण काकांचा चेहरा बघून त्याला राहवलं नसावं. तो म्हणाला, एक वायर कापा, ती जोडा, मग दुसरी कापा. चारही एकदम कापू नका. काकांनी मान डोलावली. ज्याला नकाशा काढता येत नाही त्याने एकेक कापावी, असं त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही एवढाच त्यांचा त्या दिवशीचा शहाणपणा.

शुक्रवारी सकाळी कामाला सुरुवात झाली. अडचण अशी होती, की कनेक्टरचं तोंड पंपाकडे आणि वायरींची बाजू पलीकडे, मागच्या पत्र्याकडे. तिथे डोकं जात नव्हतं, नुसता हात जात होता. वायरींचे मूळ रंग तेल आणि धुरळ्याखाली केव्हाच गेले होते, चारही एकसारख्या मातकट. म्हणजे कुठली वायर कुठे ते फक्त जागेवरून ओळखायचं. काकांना युक्ती सुचली. डॉक्टरांचा तोंडात घालायचा आरसा. लांब दांडीचा, टोकाला वाकडा, रुपयाएवढा.

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तरी हत्यारांच्या खणाला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. पण त्या वेळी त्या कपडे वाळत घालायला गच्चीवर होत्या, आणि काकांनी खालूनच विचारल्यावर त्यांनी ‘घ्या, पण पुसून ठेवा’ असं वरून सांगितलं. काकांनी खण उघडला. ट्रेखाली घडी घातलेला एक कागद होता. बसचं तिकीट. वरच्या घडीवर एवढंच दिसत होतं, शुक्रवार, संध्याकाळी सहा, प्रवासी एक.

दुसऱ्याचा कागद उलगडायचा नाही हा काकांचा कचेरीतला नियम. त्यांनी तो उलगडला नाही. आरसा घेतला, खण लावला आणि गाडीत येऊन बसले. तर डॉक्टर एकट्याच निघाल्या. बरोबरच होतं. चार महिने स्पीडब्रेकरपर्यंत सोबत करणारी बायको आणखी किती सोबत करणार? काकांना राग आला नाही. मग त्यांनी ठरवलं, की सहाच्या आत गाडी सुरू करायची म्हणजे करायची.

त्यांनी बॅटरीची वायर सोडवली, इथपर्यंत सगळं ठीक झालं. टॉर्च दातात धरला, डाव्या हातात आरसा, उजव्यात पेन्सिल. आरशात कनेक्टरची मागची बाजू स्वच्छ दिसली. वर छोटी खाच, खाली डावीकडून उजवीकडे चार वायरी. काकांनी प्रत्येक वायरीला कागदी पट्टी चिकटवली आणि त्यावर आकडा घातला, डावीकडून एक, दोन, तीन, चार. मग गुडघ्यावर पाटी ठेवून नकाशा काढला. इतका सुरेख नकाशा त्यांच्या हातून कचेरीतही क्वचित उतरला असेल. खाचेला छायासुद्धा दिली होती. खाली चौकट, तारीख, ‘तपासले’, सही.

मग त्यांनी चारही वायरी एकदम कापल्या.

जुना कनेक्टर काढताना पंपाच्या पाठीवरच त्याचा भुगा झाला. त्याचं काकांना काही वाटलं नाही, नकाशा होता ना. नवा कनेक्टर हातात घेतला, खाच वर केली, वायरींची बाजू आपल्याकडे. डावीकडून एक, दोन, तीन, चार. कापलेल्या वायरी वर ओढून घेतल्या. एकला एक, दोनला दोन. धातूची नळी पक्कडीने दाबायची, रबरी नळी वर सरकवायची, डॉक्टरांच्या केस वाळवायच्या यंत्राने गरम करायची. पहिल्या जोडाच्या वेळी रबरी नळी आधी घालायची राहिली आणि जोड तोडून परत करावा लागला. तिसऱ्याच्या वेळी यंत्राने काकांच्या भुवईचे थोडे केस गेले. पण एक वाजता चारही जोड झाले. नखांत काळं गेलं होतं. ते बघून काकांना आत कुठेतरी बरं वाटलं, आणि लगेच या बरं वाटण्याची त्यांनी थट्टा केली. निवृत्त माणसाला पहिल्यांदाच खरी घाण लागली की तो असा मिरवतो, असं ते स्वतःला म्हणाले.

चाचपडत नवा कनेक्टर पंपाच्या पाठीत कसाबसा दाबला, बॅटरी जोडली. डॉक्टरांना हाक मारली नाही, हे पहिल्यांदाच. किल्ली फिरवली. समोरच्या पट्टीवरचा एक दिवा क्षणभर लागला आणि विझला. इंजिन नुसतं घरघरलं, धरलं नाही. परत फिरवली. घरघर. तिसऱ्यांदा. आत्तापर्यंत ही गाडी निदान स्पीडब्रेकरपर्यंत जात होती. काकांनी तिला ती मजलही उरू दिली नव्हती.

डॉक्टर चहाचे दोन पेले घेऊन आल्या तेव्हा काका स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले होते. डॉक्टरांनी एक पेला फळीवर ठेवला, शेजारच्या सीटवर पडलेला नकाशा उचलला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग आरसा उचलला. मग परत नकाशा.

“हे कुठून बघून काढलंत?”

“तुझ्या आरशातून. दुसरीकडून दिसतच नाही.”

“आणि नवा जोडताना?”

“तो हातातच होता की. समोर धरून जोडला.”

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. त्या हसल्या नाहीत, आणि त्या हसल्या नाहीत याचीच काकांना जास्त धास्ती वाटली. त्यांनी नकाशा काकांच्या तोंडासमोर धरला आणि त्याच्यासमोर तो रुपयाएवढा आरसा. आरशात काकांची सही उलटी दिसत होती. ‘तपासले’ उलटं. एकच्या जागी चार.

“आम्हाला पहिल्या वर्षाला हेच शिकवतात,” डॉक्टर म्हणाल्या. “आरशात दिसतं ते हाताला उलटं. मी पहिला महिनाभर चुकत होते. तुम्ही एकाच दिवसात चुकलात.”

चाळीस वर्षं समोरची बाजू, मागची बाजू, छेद, वरून दिसणारं, खालून दिसणारं, हे सगळं काढून पगार घेतलेल्या माणसाने चार वायरी उलट्या लावल्या होत्या. एकच्या जागी चार, दोनच्या जागी तीन, अशी एकही वायर नाही की जी चुकून तरी बरोबर बसावी. काका म्हणाले की ही चूक करायला नकाशा काढता येणारा नवरा आणि दातांची डॉक्टर बायको असं दोन्ही घरात असावं लागतं, इतरांना ही जमणारच नाही. डॉक्टर म्हणाल्या, आता जोड तोडा आणि सरळ करा. पण काकांचा हात उचलत नव्हता. उलट्या जोडलेल्या वायरींत त्यांनी तीनदा वीज सोडली होती. आत पंप जळला असेल तर? जळलेल्या पंपावर नुसते जोड सरळ करून काय होणार? आणि पंप जळलाय की नाही हे सांगणार कोण?

“तिला फोन करा,” डॉक्टर म्हणाल्या.

“तू कर. तू विचार, मी शेजारी बसून सांगतो.”

“मला पंपातलं काय कळतंय?”

“बरं, मग राहू दे. तू सहाच्या बसने जा. तिला सांग, गाडी थोडक्यात राहिली.”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या घरात गेल्या आणि ते तिकीट घेऊन आल्या. उलगडून काकांच्या हातात दिलं. प्रवाशाच्या नावाच्या जागी काकांचं नाव होतं.

“माझं दर रविवारी बोलणं होतं तिच्याशी,” त्या म्हणाल्या. “भांडण माझं नाही. गाडी झाली तर दोघं जाऊ. नाही झाली तर तुम्ही बसने जाणार आहात. एकटे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “चार महिने बघतेय मी. गाडी बंद पडली की तुम्हाला बरं वाटतं.”

ते खरं होतं. स्पीडब्रेकरवर हॉर्न वाजत असताना, हात जोडताना, लाजेने मान खाली घालताना, दर वेळी त्या लाजेच्या खाली थोडंसं हायसं वाटायचं. आज नाही जायचं. आज तिच्यासमोर उभं राहायचं नाही. टाकी धुवायला त्यांना दोन दिवस पुरले असते. त्यांनी नऊ लावले होते. मेकॅनिक न बोलावण्याचं हेही एक कारण होतं, आणि ते त्यांनी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यांनी फोन लावला. किती वेळ वाजला कुणास ठाऊक. मग लेकीचा आवाज आला, मागे कसलीतरी धडधड.

“आई?”

“मी आहे,” काका म्हणाले. “बाबा.”

धडधड चालू राहिली. तिने फोन ठेवला नाही. काकांनी तयार केलेली सगळी वाक्यं त्या धडधडीत विरून गेली. मग त्यांनी सरळ सांगायला सुरुवात केली. चष्मा, छत्री, कनेक्टर, आरसा. नकाशा काढला हे सांगितलं. ‘तपासले’ असं लिहिलं हेही सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. पार्टवाल्याने एकेक कापा म्हटलं होतं आणि आपण चारही एकदम कापल्या, हे सगळ्यांत शेवटी सांगितलं.

“किल्ली कितीदा फिरवलीत?” लेकीने विचारलं.

“तीनदा.”

“दिवा लागला होता का?”

“पहिल्यांदा लागला, मग विझला. पुढच्या दोन्ही वेळा लागलाच नाही.”

“स्टिअरिंगखाली फ्यूजची पेटी असेल. त्यातला पंपाचा फ्यूज काढा आणि उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली असेल तर बरं.”

काकांनी झाकण काढलं, आतली चिठ्ठी वाचून तो नखाएवढा फ्यूज उपसला, खिडकीशी धरला. आतली पट्टी मधोमध वितळलेली होती. त्यांनी तसं सांगितलं.

“मग बहुतेक वाचला पंप. पहिल्याच वेळी फ्यूज उडाला, नंतर आत वीज गेलीच नाही. जोड सरळ करा, नवा फ्यूज घाला, मग किल्ली. आणि बाबा, या वेळी आधी बॅटरी सोडा.”

“मघाशीही सोडली होती,” काका म्हणाले.

“बरं केलंत,” ती म्हणाली. आणि कुणीतरी तिला हाक मारली म्हणून फोन ठेवला.

बरं केलंत हे दोन शब्द घेऊन काका मिनिटभर बसले. दोन वर्षांत लेकीने त्यांना दिलेली ही पहिली शाबासकी होती. मग डॉक्टरांनी त्यांना कोपराने ढोसलं आणि घड्याळ दाखवलं.

पुढचं काम दोघांनी केलं. काकांनी बॅटरी सोडली, कनेक्टर उपसून घेतला आणि जोड तोडले. या वेळी नकाशा नव्हता. डॉक्टर वायर धरायच्या आणि आकडा बोलायच्या, काका नळी दाबायचे. एकेक करून. रबरी नळी आधी. कनेक्टर पंपाच्या पाठीत बसवायची वेळ आली तेव्हा काकांचा हात तिथवर पोचला, पण तो आंधळा हात होता, मघाशी नशिबाने सापडलेली खाच आता सापडेना. डॉक्टरांनी त्यांना बाजूला सारलं. आरसा घेतला, मनगट वळवलं, एकदा कळ आली म्हणून थांबल्या, आणि आरशात उलटं बघत हाताने सरळ नेऊन कनेक्टर जागेवर बसवला. खट्ट असा आवाज आला. पस्तीस वर्षं लोकांच्या दाढा ज्या शांतपणे बघितल्या त्याच शांतपणे त्यांनी आरसा पुसला आणि खिशात ठेवला. काकांना त्यांच्याकडे बघून एकाएकी फार प्रेम वाटलं. ते त्यांनी ‘अगं’ असं म्हणून व्यक्त केलं.

पेटीतलाच एक जादा फ्यूज घालून, बॅटरी जोडून, पाचला पाच मिनिटं कमी असताना काकांनी किल्ली फिरवली. दिवा लागला, लागलेलाच राहिला, आणि मग नेमक्या वेळी विझला. इंजिन खोकलं आणि धरलं. डॉक्टर घरात गेल्या, गॅस बंद केला, कुलूप लावलं, दोन पिशव्या घेऊन आल्या. त्या सकाळपासून भरून ठेवलेल्या होत्या.

गाडी फाटकातून बाहेर पडली. शिंपी दारात आला. स्पीडब्रेकर जवळ आला तशी काकांची पाठ सीटला चिकटली, आणि डॉक्टरांनी दाराची मूठ घट्ट धरली. पुढची चाकं चढली. उतरली. मागची चढली. आतल्या शेगडीवर एक झाकण खणखणलं. मागची उतरली. इंजिन चालू होतं.

स्पीडब्रेकरच्या पलीकडे काकांनी गाडी बाजूला घेतली, कारण तिथून पुढे रस्ता आहे हेच ते विसरले होते. त्यांनी फोन काढला. या वेळी लेकीने पहिल्याच रिंगला उचलला.

“झाली?”

“झाली. निघालो आम्ही. उद्या रात्रीपर्यंत धक्क्यावर येतो.” काकांनी स्टिअरिंगवरचा आपला हात बघितला. बोलायचं काही नाही असं ठरलं होतं. “माझ्या नखांत काळं गेलंय,” ते म्हणाले. “साबणाने निघत नाही.”

मागची धडधड थांबली होती. ती इंजिनखोलीतून बाहेर आली असावी.

“त्या दिवशी कागदावर डाग नव्हता पडला,” काका म्हणाले. “मी बघितला होता नीट.”

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होत्या आणि पदराच्या टोकाने तो आरसा उगाच परत पुसत होत्या.

“धुऊ नका,” लेक म्हणाली. “तसेच या.”

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. काकांनी सवयीने खिडकीतून डोकं बाहेर काढून हात जोडले, आणि मग गाडी पुढे काढली.